चाराण्याची कोंबडी

"सिनेमा केवढा आहे?" मी विचारलं.

"अठरा मिनिटांचा," भाचा म्हणाला.

"आणि त्यातली गाणी?"

"तासाभराहून जास्त."

मी चष्मा काढून पुसला. ऐकलेलं पटलं नाही की मी चष्मा पुसतो. चाराण्याची कोंबडी आणि बाराण्याचा मसाला ही म्हण आपण जन्मभर नुसती वापरली. अमेरिकेत १९९४ साली ती कुणीतरी शिजवून वाढलीसुद्धा!

कोंबडीचं नाव 'मर्डर वॉज द केस'. नायक स्नूप डॉगी डॉग. दिग्दर्शक डॉक्टर ड्रे आणि फॅब फाइव्ह फ्रेडी. यातले डॉक्टर औषध देत नाहीत, संगीत देतात. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीचं नाव 'डेथ रो', म्हणजे फाशीच्या कैद्यांच्या कोठड्यांची रांग. आपल्याकडे विमा कंपनीने 'वैकुंठ' नाव घेतलं तर कोण हप्ता भरेल? पण तिकडे लोकांनी रांग लावली. संग्रह आल्या आल्या बिलबोर्डच्या यादीत पहिला आला आणि वीस लाखांच्या वर खपला. अठरा मिनिटांच्या सिनेमासाठी!

भाच्याने माझ्या कानांवर ते हेडफोन चढवले आणि मी संग्रह पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. शब्द कळेनात, तेव्हा तो मधे मधे थांबवून अर्थ सांगू लागला. काही ठिकाणी मात्र तो नुसताच लाल झाला. "मामा, हे राहू दे," म्हणाला. मामाला शिव्यांचे अर्थ समजावून सांगण्याची वेळ भाच्यांवर येते, हे कलियुगाच्या लक्षणांत कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही.

आता मसाला कसा आहे ते सांगतो. ड्रेसाहेब आणि आइस क्यूब एकाच मंडळीतले. क्यूब १९८९ साली भांडून बाहेर पडला. इथे दोघं पुन्हा एकत्र येऊन असं कडाडतात, की आपण उगाच खिडकी लावून घेतो. डीजे क्विक नावाचा गृहस्थ आपल्याच कॉम्पटन गावच्या दुसऱ्या रॅपरचा यथेच्छ उद्धार करतो. आपल्या कलगी-तुऱ्यासारखा प्रकार. फक्त इथे अध्यात्म वजा, आणि माणसं खरोखरची चिडलेली. खाली खर्जात बास, वर शिट्टीसारखा एक बारीक सूर आणि चाल भरल्या पोटी निघालेल्या माणसाची. या ठेक्यावर माझी मान हलायला लागली, तेव्हा मी ती धरून ठेवली.

पण मधेच जोडेसी मंडळी प्रेमगीत आळवतात. ज्यूएल नावाची बाई आइस्ली ब्रदर्सचं सुगीचं जुनं गाणं गाते. गाते सुरेख! पण खुनाच्या सिनेमात सुगी कुठून आली? कंपनीत जो जो गळा मोकळा होता, त्याला पंगतीला बसवलेलं दिसतं. वऱ्हाड मोठं आणि नवरदेव सापडत नाही, अशी गत. स्नूपचं नाव वेष्टनावर मोठं, पण आत तो मोजक्याच गाण्यांत भेटतो.

भेटतो तेव्हा मात्र हात जोडावेत. मूळ गाणं १९९३ च्या 'डॉगीस्टाइल'मधलं. इथे त्याला नवा साज चढवलाय. मरायला टेकलेल्या नायकाने वन्समोअर घेतल्याच्या गोष्टी आमच्या वडीलधाऱ्यांनी पुष्कळ सांगितल्या. हा तसाच वन्समोअर. नायकाला गोळ्या लागतात. प्राण जाता जाता एक आवाज येतो, वाचवतो म्हणतो, वर ऐश्वर्य देऊ करतो. पोरगा हो म्हणतो. वाचतो, पैसा येतो, गाडी येते आणि मग तुरुंग येतो. आमच्या सावित्रीने यमाला शब्दात पकडलं. इथे शब्दांवर पोट भरणारा माणूसच शब्दात सापडतो. आणि हे सगळं तो ओरडून नाही, झोपेतून उठल्यासारख्या मऊ आवाजात सांगतो. म्हणून अंगावर काटा येतो.

"मामा, त्याच्यावर तेव्हा खरोखर खुनाचा खटला होता," भाचा म्हणाला.

मी हेडफोन काढले.

ऑगस्ट १९९३ मध्ये लॉस एंजेलिसला एक विशीतला तरुण गोळीने मेला. गोळी झाडली स्नूपच्या अंगरक्षकाने. गाडी चालवत होता स्नूप. स्वसंरक्षण, असं बचावाचं म्हणणं. फेब्रुवारी १९९६ मध्ये दोघंही खुनाच्या आरोपातून सुटले. म्हणजे संग्रह बाजारात आला तेव्हा निकाल लागायचा होता आणि स्नूपला तेवीसही पुरी नव्हती. 'केस' हा शब्द कोर्टात आणि वेष्टनावर एकाच वेळी छापला जात होता.

गाण्यातली भीती मला खोटी वाटली नाही. या वयात माणूस कुणाशीही सौदा करील. पण त्या भीतीभोवती तासाभराचा मसाला रचून ती विकणाऱ्यांचा हिशेब मला खटकला. माझं मत विचाराल तर ते एक गाणं ठेवा, ड्रे आणि क्यूबचं ठेवा, ज्यूएलबाईंचं सुगीचं वेगळं काढून रविवारी सकाळी ऐका. बाकीची पंगत उठवली तरी कुणी उपाशी राहणार नाही.

भाच्याला हे पटलं नाही. "मामा, गाण्याकडे गाणं म्हणून बघ ना!" म्हणाला.

बघतो की. पुन्हा एकदा ऐकलंही. नायक मरतो, आवाज येतो, नायक उठून बसतो. मान पुन्हा हलली. या वेळी मी ती धरली नाही. फक्त त्या दुसऱ्या पोराचा विचार डोक्यातून जाईना. त्याला कुठलाच आवाज आला नव्हता.

मी चष्मा काढून पुसला.