धनुष्य, तिरकमठा आणि सांबर : मराठी शिकारकथनाविषयी एक विचार

मराठीत शिकारीला तीन शब्द आहेत आणि तिन्हींची कुळे वेगळी आहेत. ‘मृगया’ ही राजांची. ती काव्यनाटकांतून मराठीत उतरली. ‘शिकार’ हा फारसी शब्द; तो दरबारातून सरदारांकडे आणि पुढे साहेबांकडे गेला. ‘पारध’ मात्र रानातली. संस्कृत कोशांत ‘पापर्द्धि’ असा एक शब्द मिळतो आणि ‘पारध’चा संबंध त्याच्याशी जोडला जातो, ज्यांचे पोट या व्यवसायावर चालत होते त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी त्या शब्दाच्या पोटातच दडलेली आहे. शस्त्रांचीही अशीच वाटणी झालेली दिसते. राजाच्या हाती ‘धनुष्य’ असते, रानातल्या माणसाच्या हाती ‘तिरकमठा’. वस्तू एकाच जातीची. परंतु ज्या वाक्यात पहिला शब्द शोभतो त्यात दुसरा बसत नाही. अर्जुनाचा तिरकमठा असे कोणी लिहीत नाही. हा केवळ प्रतिष्ठेचा भेद नव्हे. मराठी वाङ्मयाने धनुष्याला कथा दिली आणि तिरकमठ्याला फक्त वर्णन दिले, असा तो कथनाचा भेद आहे.

हा भेद तपासण्यासाठी एकच प्रसंग घेणे सोयीचे ठरेल : उन्हाळ्याच्या अखेरीस, मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, पाणवठ्यावर बाणाने केलेली सांबराची पारध. प्रसंगाची भूमी म्हणून यवतमाळ जिल्ह्याचा दक्षिण भाग डोळ्यांपुढे ठेवावा. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांतील पानगळीची सागवने, पैनगंगेकडे उतरणारे नाले, कोलामांचे पोड आणि गोंडांची गावे असा हा मुलूख आहे. १९९७ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले टिपेश्वर याच पट्ट्यात येते. वैशाखात येथील साग उघडा पडतो आणि त्याच्या ताटाएवढ्या पानांचा पाचोळा जमिनीवर साचतो. त्यावर पाऊल टाकले की आवाज दूरवर जातो. त्यामुळे अशा रानात या दिवसांत जनावराच्या जवळ चालत जाणे जवळपास अशक्य असते. जनावराला आपल्याकडे येऊ द्यावे लागते. नाले आटून डोह आणि झिरे तेवढे उरतात. हातचे धनुष्य भरवशाने मारा करते ते वीस-पंचवीस पावलांच्या आत. तेव्हा पाण्याकाठचे झाड, वाऱ्याची दिशा आणि रात्र यांतूनच या पारधीचा आराखडा ठरतो.

आता वाङ्मयाकडे वळू. आपल्या परंपरेत धनुर्धराने केलेल्या शिकारीच्या कथा विपुल आहेत. परंतु त्या एकत्र ठेवल्या असता एक विलक्षण गोष्ट दृष्टीस पडते. या कथांतील बाण हरणाला, केवळ हरिण म्हणून, लागतच नाही. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात दुष्यंताचा बाण तापसाच्या शब्दाने भात्यात परत जातो. पंडूचा बाण लागतो तो मृगरूप धारण केलेल्या किंदम ऋषीला. दशरथ रात्री नदीकाठी पाण्यावर येणाऱ्या श्वापदाची वाट पाहतो आणि शब्दाच्या रोखाने सोडलेला त्याचा बाण श्रावणाला लागतो. जरा नावाचा व्याध हरिण समजून कृष्णावर बाण सोडतो. राम खऱ्याखुऱ्या मृगावर बाण सोडतो असे वाटते, तोच मृगातून मारीच निघतो. बाण एक तर मागे घेतला जातो, नाही तर चुकीच्या ठिकाणी लागतो, नाही तर लक्ष्यच खोटे निघते. हे सर्व आकस्मिक मानणे कठीण आहे. वधाचा नैतिक भार कथेला पेलायचा असतो, आणि हरिण हरिणच राहिले तर तो भार ठेवायला जागा राहत नाही. म्हणून हरणाच्या जागी माणूस, ऋषी वा राक्षस आणावा लागतो. त्या भाराचा विचार या कथांनी कसोशीने केला, हे त्यांचे थोर यश होय. मात्र त्यात मेलेल्या हरणाचे मांस खाऊन जगणारा माणूस कथेबाहेर राहिला, हेही नोंदवले पाहिजे.

या साखळीत श्रीधरकवीच्या ‘शिवलीलामृता’चा (१७१८) दुसरा अध्याय वेगळा उठून दिसतो. महाशिवरात्रीच्या व्याधाची ही कथा घरोघर वाचली जाते आणि तिचा विचार नेहमी भक्तीच्या अंगाने होतो. पारधीच्या अंगाने ती वाचली तर काय दिसते? व्याध सरोवराकाठी झाडावर बसतो. रात्र आहे, जनावर पाण्यावर येणार आहे. समोरची पाने नेमाच्या आड येतात म्हणून तो ती खुडून खाली टाकतो. खालच्या लिंगावर पडलेल्या बेलपत्रांचे पुण्य हा पुराणाचा भाग झाला. पण पाने खुडण्याची कृती कोणा पुराणिकाला घरी बसून सुचण्यासारखी नाही. ती झाडावर बसून वाट पाहिलेल्या माणसाची आहे. बाण सोडण्यासाठी पानांत मोकळी फट हवी, हे ज्ञान कथेच्या मुळाशी आहे आणि पुण्याचा सगळा डोलारा त्या एका व्यावहारिक तपशिलावर उभा आहे. नंतर मृगी बोलू लागते, व्याधाचे मन पालटते, बाण सुटत नाही. म्हणजे याही कथेत शेवट तोच. परंतु तिरकमठ्याचे ज्ञान धनुष्याच्या कथेत शिरल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मराठीत सापडणे अवघड आहे. या कथेच्या प्रचलित सांगण्यात मृग आणि व्याध यांना आकाशात स्थान मिळते. मृग नक्षत्रातील ओळीने असलेले तीन तारे म्हणजे बाण, ही कल्पना तर ऐतरेय ब्राह्मणाइतकी जुनी आहे. सूर्य त्या नक्षत्रात येतो तो जूनच्या ७-८ तारखेच्या सुमारास. पाऊस पडून रानात जागोजाग पाणी होते आणि पाणवठ्यावरच्या पारधीचा हंगाम संपतो. बाण लागलेले हरिण आकाशात ठेवणाऱ्यांनी ऋतूही नेमका धरला, असे एखाद्याला वाटले तर त्यात नवल नाही.

एकोणिसाव्या शतकात बंदुकीबरोबर इंग्रजी शिकारग्रंथ आले. फॉर्साइथचे मध्य हिंदुस्थानातील डोंगराळ प्रदेशावरचे पुस्तक १८७१ चे. कुमाऊँच्या नरभक्षकांवरचे कॉर्बेटचे पुस्तक १९४४ चे आणि मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचे. मराठी शिकारकथेने आपला साचा प्रामुख्याने याच परंपरेतून घेतला. त्या साच्यात कथा बाराच्या आवाजाकडे धावत असते. बार झाला की तिचा ताण ओसरतो आणि उरते ती शिंगांची लांबी. सांबर हा भारतातील सर्वांत मोठा हरिण. सिलोनमधील इंग्रज शिकारी त्यालाच ‘एल्क’ म्हणत. सॅम्युएल बेकरच्या १८५४ च्या पुस्तकात हेच नाव आढळते. त्याच्या शिंगांसाठी शिकारी दूरदूर जात आणि ती इंचांत मोजून नोंदवीत. पण सांबर दरवर्षी शिंगे गाळते. मध्य भारतात हे बहुधा उन्हाळ्यात घडते, आणि नवी शिंगे पावसाळाभर कोवळ्या लवदार कातडीखाली वाढत राहतात. म्हणजे मे महिन्यात पाण्यावर आलेला नर पुष्कळदा बोडका तरी असतो किंवा त्याच्या डोक्यावर नुसते कोंब असतात. शिंगांसाठी आलेल्या बंदूकवाल्याला त्याची किंमत नाही. पोटासाठी बसलेल्या पारध्याला शिंगांशी कर्तव्य नाही. हंगामाच्या अखेरचे हे सांबर शिकारवाङ्मयात क्वचितच दिसते याचे कारण येथे आहे. ज्या जनावराची नोंद करता येत नाही, त्याची कथाही झाली नाही.

बाणाची कथा मुळात वेगळ्या घडणीची असते. गोळीच्या धक्क्याने जनावर पुष्कळदा जागीच कोसळते. बाणाने ते रक्तस्रावाने मरते, आणि त्याला वेळ लागतो. बाण लागलेले सांबर उधळते. त्याच्या मागे तत्काळ धावले तर ते कोसाकोसांवर जाते. सोडून दिले तर थोड्या अंतरावर आडोसा पाहून बसते. म्हणून बाण सुटल्यानंतर पारध्याला पुन्हा थांबावे लागते, आणि मग पानापानावरचा थेंब, मोडलेली काडी, खुराने उकरलेली माती पाहत माग काढावा लागतो. कथेचा खरा ताण बाणाच्या आधी नसून नंतर असतो. जनावर सापडेल की कुठे तरी मरून फुकट जाईल, या प्रश्नात भूक आहे आणि अपराधाची जाणीवही आहे. बंदुकीच्या साच्यात हा उत्तरार्ध एखाद्या परिच्छेदात उरकला जातो आणि माग काढणारा माणूस बहुधा निनावी राहतो. ‘मागोवा घेणे’, ‘वेध घेणे’ हे शब्दप्रयोग मराठी समीक्षेत मुक्तहस्ताने वापरले जातात. ते ज्यांच्या व्यवहारातून आले त्यांचा मागोवा मात्र समीक्षेने फारसा घेतलेला नाही.

ललित लेखनात रानातला माणूस येतो तेव्हा त्याच्या खांद्यावर तिरकमठा अडकवून लेखक मोकळा होतो. कोलाम असो, गोंड असो, पारधी असो, चित्र एकच. वस्तुतः फासेपारध्याचे साधन त्याच्या नावातच सांगितले आहे. त्याची विद्या फाशांची, बाणाची नव्हे. कोलामांचे बांबूतील कसब सर्वपरिचित असूनही त्याचे तपशील कथेत येत नाहीत. त्यांच्या भाषेचे व्याकरण सेतुमाधवराव पगडींनी १९५० मध्ये प्रसिद्ध केले आणि एमेनो यांचा कोलामीवरील ग्रंथ १९५५ मध्ये आला. साधने हाताशी होती. ललित गद्याने ती उघडून पाहिली नाहीत.

याच्या उलट एक उदाहरण अमेरिकेत घडले. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात याही जमातीचा शेवटचा माणूस, इशी, रानातून बाहेर आला. विद्यापीठाच्या संग्रहालयात राहत असता त्याने सॅक्सटन पोप या डॉक्टरला धनुष्य घडवण्यापासून हरणाची चाहूल घेण्यापर्यंत सारे शिकवले. १९१६ मध्ये इशी वारला, आणि १९२३ मध्ये पोपचे धनुष्यबाणाच्या शिकारीवरील पुस्तक निघाले. तेथील एल्कची, म्हणजे वापिटी हरणाची, धनुष्याने शिकार करणारे आजचे हौशी शिकारी पोपला आपला आद्य गुरू मानतात. हा संबंध समान पातळीवरचा नव्हता. एक संग्रहालयात ठेवलेला होता आणि दुसरा लिहिणारा होता. तरीही शिकवणाऱ्याचे नाव आणि त्याची पद्धत पुस्तकात राहिली. मराठीत तिरकमठ्याच्या पारध्याला असा लेखक भेटल्याचे दिसत नाही.

व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. माडगूळकरांनी बंदूक ठेवून वही आणि दुर्बीण घेतली, हे सर्वश्रुत आहे. लक्षात न आलेली गोष्ट अशी की ‘नागझिरा’सारख्या लेखनातला निरीक्षक बंदूकवाल्याच्या पवित्र्यात नसून तिरकमठेवाल्याच्या पवित्र्यात आहे : जवळ राहणारा, वाट पाहणारा, चाहुलीवर जगणारा. त्यांच्या आखूड वाक्यांचे सामर्थ्य काही अंशी या थांबण्यात आहे. चितमपल्लींनी रानातल्या माणसाला शिक्षकाची जागा दिली, त्याच्याकडील नावे कोशांत नेली, आणि ‘सारंगागार’, ‘काकागार’ असे शब्द घडवून मराठीला श्रीमंत केले. तथापि ते वनाधिकारी होते. आदिवासीचे पक्ष्यांविषयीचे ज्ञान त्यांना मोकळेपणाने लिहिता आले. पारधीचे ज्ञान त्याच मोकळेपणाने लिहिणे त्या पदावरून अवघड होते.

ही अडचण एकट्या चितमपल्लींची नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकारीचा मार्ग बंद केला. सांबराच्या दृष्टीने ते आवश्यक होते, यात शंका घेण्याचे कारण नाही. परंतु एखाद्या पोडावर जाऊन वृद्धाला पाणवठ्यावरच्या रात्रीविषयी विचारणारा संशोधक त्याच्याकडून आठवण मागतो की कबुली, हे आता ऐकणाऱ्याला ठरवता येत नाही. ज्या समाजांना १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि १९५२ पर्यंत तसेच ठेवले, त्यांच्याबाबतीत हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. म्हणून मौखिक सामग्री गोळा करताना प्रत्यक्ष प्रसंग विचारण्यापेक्षा शब्द विचारणे श्रेयस्कर : बाणाच्या फळाला काय म्हणतात, दोरी कशाची, वाळलेल्या रक्ताच्या आणि ओल्या रक्ताच्या मागाला वेगळी नावे आहेत काय, बोडक्या सांबराला स्वतंत्र शब्द आहे काय. त्याचबरोबर शिवरात्रीच्या व्याधाची कथा पोडांवर आणि गोंडांच्या गावांत सांगितली जात असेल तर ती कशी सांगितली जाते, पाने खुडण्याचा तपशील तेथे किती लांबतो आणि मृगी बोलू लागते ती केव्हा, हे श्रीधराच्या अध्यायाशेजारी ठेवून पाहता येईल.