न्यायभावना आणि बंधुता : जॉन रॉल्स यांच्या न्यायसिद्धान्ताची डॉ. आंबेडकरांच्या नीतिविचारांच्या आधारे चिकित्सा

बीजसंज्ञा : न्याय, नीती, न्यायभावना, बंधुता, श्रेणीबद्ध विषमता, संविधानिक नीतिमत्ता

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील राजकीय तत्त्वज्ञानात जॉन रॉल्स (१९२१-२००२) यांच्या ‘ए थिअरी ऑफ जस्टिस’ (१९७१) या ग्रंथाचे स्थान अनन्यसाधारण आहे. इंग्रजी भाषेतील नीतिचिंतनावर दीर्घकाळ असलेला उपयुक्ततावादाचा प्रभाव या ग्रंथाने मोडून काढला आणि न्यायाचा प्रश्न तत्त्वचिंतनाच्या केंद्रस्थानी आणला. आपल्याकडील राज्यशास्त्र व तत्त्वज्ञान या विषयांच्या अध्यापनात रॉल्स यांची दोन न्यायतत्त्वे नित्य शिकविली जातात. मात्र त्या तत्त्वांना आधार देणारे नैतिक मानसशास्त्र, म्हणजेच न्यायी वागण्याची इच्छा माणसात कशी निर्माण होते याविषयीचे त्यांचे विवेचन, पुष्कळदा दुर्लक्षित राहते.

प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित भागाची चिकित्सा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नीतिविचारांच्या आधारे केली आहे. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण १९५६ साली झाले आणि रॉल्स यांचा ग्रंथ त्यानंतर पंधरा वर्षांनी प्रसिद्ध झाला. त्यामुळे येथे प्रश्न प्रभावाचा नसून तुलनेचा आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, रॉल्स बंधुतेकडे न्याय्य संस्थांचे फलित म्हणून पाहतात, तर आंबेडकर तिला न्याय्य संस्थांची पूर्वअट मानतात. जातीने विभागलेल्या समाजात या भेदाला निर्णायक महत्त्व प्राप्त होते.

रॉल्स यांची भूमिका

उपयुक्ततावादावरील रॉल्स यांचा मुख्य आक्षेप सुपरिचित आहे. एकूण सुखाची बेरीज वाढविणे हेच ध्येय मानले, तर काहींच्या हक्कांची किंमत देऊन इतरांचे सुख वाढविणे तत्त्वतः समर्थनीय ठरते. व्यक्तीव्यक्तींमधील भिन्नता हा विचार गांभीर्याने घेत नाही. यावर उपाय म्हणून रॉल्स यांनी सामाजिक कराराची परंपरा आणि कांटची स्वायत्ततेची कल्पना यांना नवे रूप दिले. ‘मूळ स्थिती’त असलेले प्रतिनिधी ‘अज्ञानाच्या पडद्या’आड असतात. आपला वर्ग, आपली सामाजिक प्रतिष्ठा, आपली बुद्धिमत्ता, आपली श्रेयाची कल्पना यांपैकी काहीच त्यांना ठाऊक नसते. अशा स्थितीत ते दोन तत्त्वे निवडतील, असा रॉल्स यांचा दावा आहे. पहिले तत्त्व सर्वांना समान मूलभूत स्वातंत्र्ये देते. दुसरे तत्त्व सांगते की, सामाजिक व आर्थिक विषमता संधीच्या न्याय्य समतेशी सुसंगत असावी आणि सर्वांत कमी लाभ मिळालेल्यांच्या अधिकतम हिताची असावी. यातील उत्तरार्धास भेदतत्त्व म्हणतात.

याच भेदतत्त्वाच्या विवेचनात रॉल्स बंधुतेचा उल्लेख करतात. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या त्रयीतील बंधुतेला लोकशाहीच्या सिद्धान्तात फारसे स्थान मिळाले नाही, हे ते मान्य करतात आणि भेदतत्त्व हाच बंधुतेचा संस्थात्मक अर्थ असल्याचे सुचवितात. इतरांचे भले होत नसेल तर आपल्याला अधिक लाभ नको, अशी कुटुंबात असणारी वृत्ती या तत्त्वातून व्यक्त होते, असे त्यांचे म्हणणे आहे. विशेष म्हणजे याच विभागात ते जातिबद्ध समाजांना अन्याय्य ठरवितात, कारण असे समाज जन्माचा योगायोग हाच माणसाच्या सामाजिक स्थानाचा आधार करतात. बंधुता आणि जात यांचे उल्लेख अशा रीतीने एकाच विभागात येतात. तथापि या दोहोंचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न तेथे उपस्थित होत नाही.

न्यायभावनेच्या तीन अवस्था

संस्था न्याय्य असल्या तरी त्या टिकण्यासाठी नागरिकांच्या ठायी न्यायभावना असावी लागते, याची रॉल्स यांना पूर्ण जाणीव आहे. ग्रंथाच्या तिसऱ्या भागात त्यांनी या भावनेच्या विकासाच्या तीन अवस्था वर्णिल्या आहेत. पहिली अवस्था अधिकारनिष्ठ नीतीची होय. मूल आईवडिलांच्या प्रेमाला प्रतिसाद देत त्यांच्या आज्ञा स्वीकारते. दुसरी अवस्था संघनिष्ठ नीतीची. शाळा, शेजार, खेळगट, व्यवसाय अशा संघांत व्यक्ती आपापल्या भूमिकांची कर्तव्ये शिकते. सहकाऱ्यांच्या प्रामाणिकपणातून विश्वास व स्नेह निर्माण होतो. तिसरी अवस्था तत्त्वनिष्ठ नीतीची. आपण व आपले आप्त ज्या न्याय्य संस्थांचे लाभार्थी आहोत त्यांची जाणीव झाल्यावर व्यक्ती न्यायतत्त्वांशीच बांधली जाते. मग ज्यांच्याशी तिचे कोणतेही नाते नाही अशांनाही न्याय देण्याची तिला ओढ वाटते.

या मांडणीतील निर्णायक दुवा दुसऱ्या अवस्थेकडून तिसऱ्या अवस्थेकडे होणाऱ्या संक्रमणाचा आहे. संघांचे वर्तुळ क्रमाने विस्तारत जाते आणि शेवटी संपूर्ण समाज हाच एक संघ होतो, असे रॉल्स गृहीत धरतात. हे घडण्यासाठी छोटे संघ मोठ्या संघाकडे उघडणारे असावे लागतात. पण संघ जर बंदिस्त असेल, तर? त्या संघात शिकलेली निष्ठा, विश्वास आणि कर्तव्यबुद्धी खरीच असते, परंतु ती संघाच्या सीमेवर थांबते.

आंबेडकरांनी हाच प्रश्न दोन ठिकाणी मांडला आहे. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) मध्ये त्यांनी दाखवून दिले की, जातीमुळे सार्वजनिक वृत्ती नष्ट होते. सद्गुण, सहानुभूती आणि दानबुद्धी या सर्वांना जातीचे कुंपण पडते. पुढे ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी हा विचार अधिक व्यापक केला. चोरांच्या टोळीत, व्यापाऱ्यांत आणि जातभाईंतही आपसात नीती असते. नीतीचा अभाव ही येथील अडचण नव्हेच. ही नीती केवळ गटापुरती असते आणि गटाच्या हिताचे रक्षण करताना ती समाजविघातक होते, ही खरी अडचण आहे. रॉल्स यांच्या परिभाषेत सांगायचे तर, जातिसमाजात दुसरी अवस्था यशस्वी होते आणि तिच्या यशामुळेच तिसरी अवस्था अडते.

जातीविषयीचे एक गृहीतक

जातिव्यवस्थेच्या स्वरूपाविषयी रॉल्स यांचे आणखी एक गृहीतक तपासण्याजोगे आहे. स्वातंत्र्याच्या अग्रक्रमाची कारणे देताना ते सरंजामी व जातिबद्ध समाजांचा उल्लेख करतात. अशा समाजांत प्रत्येकाला आपले स्थान निसर्गनियत वाटते. त्यामुळे माणूस आपली तुलना स्वतःच्या जातीतील लोकांशीच करतो आणि जाती या परस्परांशी तुलना न करणारे समूह बनतात, असे ते सुचवितात.

आंबेडकरांचे निदान याच्या नेमके उलट आहे. त्यांच्या मते जातिव्यवस्थेचे वैशिष्ट्य साध्या विषमतेत नसून श्रेणीबद्ध विषमतेत आहे. प्रत्येक जातीच्या वर कोणीतरी आहे आणि खालीही कोणीतरी आहे. वर पाहताना आदर व मत्सर, खाली पाहताना तुच्छता, अशी तुलना या व्यवस्थेत अखंड चालते. किंबहुना तुलनेवरच ही व्यवस्था उभी आहे. सर्वांत वरचे सोडले तर प्रत्येकाला व्यवस्थेविरुद्ध तक्रार आहे, आणि सर्वांत खालचे सोडले तर प्रत्येकाला तिच्यात काही ना काही लाभही आहे. म्हणूनच अन्याय सोसणाऱ्यांची एकजूट येथे दुष्कर ठरते.

याचा परिणाम भेदतत्त्वावरही होतो. ‘सर्वांत कमी लाभ मिळालेले’ निश्चित करताना रॉल्स मुख्यतः उत्पन्न व संपत्ती यांसारख्या प्राथमिक वस्तूंचा आधार घेतात. आत्मसन्मान ही बहुधा सर्वांत महत्त्वाची प्राथमिक वस्तू असल्याचेही ते म्हणतात. परंतु श्रेणीबद्ध विषमतेत मधल्या जातीच्या माणसाचा आत्मसन्मान खालच्या जातीच्या अवमानावर पोसलेला असतो. अशा वेळी आत्मसन्मानाचे वाटप वाढविणे पुरेसे नसते. एकाच्या सन्मानाचा आधार दुसऱ्याचा अवमान असू नये, यासाठी सन्मानाचे स्वरूपच बदलावे लागते. हे काम वितरणाच्या तत्त्वाच्या आवाक्यातील नाही.

चवदार तळे : एक कसोटी

संस्थात्मक नियम आणि न्यायभावना यांतील अंतर महाडच्या इतिहासात स्पष्ट दिसते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. नियम बदलला, वहिवाट मात्र बदलली नाही. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले व पाणी प्याले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला आणि मागाहून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. न्यायालयीन लढ्याचा अंतिम निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागण्यास १९३७ साल उजाडले.

या घटनाक्रमात दोन गोष्टी लक्षात येतात. एक, न्याय्य नियम अस्तित्वात येऊनही त्यातून न्यायभावना उपजली नाही. उलट न्यायभावनेच्या अभावी नियमच मागे घेतला गेला. दोन, बंधुतेचा प्रत्यय आला तो जातीचे बंधन तोडणाऱ्या व्यक्तींच्या कृतीतून. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव जन्माने ब्राह्मण असलेल्या गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला. त्यांची तत्त्वनिष्ठा संघनिष्ठेच्या विस्तारातून आलेली नव्हती, ती संघनिष्ठेशी फारकत घेऊन आलेली होती. रॉल्स यांच्या क्रमबद्ध विकासाच्या चित्रात या फारकतीला पुरेशी जागा नाही.

बंधुता : फलित की पूर्वअट?

‘फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम’ हा आंबेडकरांचा प्रबंध महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी धर्माच्या मूल्यमापनासाठी न्याय आणि उपयुक्तता या दोन कसोट्या लावल्या आहेत. न्याय म्हणजे स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचा समुच्चय, असे ते तेथे मानतात. भारतीय संविधानाच्या उद्देशिकेतील बंधुतेची कथाही बोलकी आहे. डिसेंबर १९४६ मध्ये मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात बंधुता हा शब्द नव्हता. तो आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने समाविष्ट केला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले की, बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता यांची मुळे खोल जाणार नाहीत. तत्पूर्वी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, संविधानिक नीतिमत्ता ही स्वाभाविक भावना नसून ती जोपासावी लागते, असे त्यांनी सांगितले होते. या दोन्ही विधानांचा रोख एकच आहे. न्यायभावना आपोआप उगवेल, असे गृहीत धरता येत नाही.

संभाव्य आक्षेप

रॉल्स यांचे समर्थक असे म्हणतील की, तीन अवस्थांचे विवेचन सुव्यवस्थित, म्हणजे आधीच न्याय्य असलेल्या समाजाविषयी आहे. अन्याय्य समाजाचे उदाहरण देऊन त्याचे खंडन होत नाही. हा आक्षेप तर्कदृष्ट्या योग्य आहे. परंतु आदर्श सिद्धान्ताने प्रत्यक्षातील अन्याय दूर करण्यास दिशा द्यावी, अशी अपेक्षा रॉल्स यांचीच आहे. न्यायभावनेसाठी न्याय्य संस्था हव्यात आणि न्याय्य संस्थांसाठी न्यायभावना हवी, या चक्रात प्रवेश कोठून करावा, याचे उत्तर त्यांच्या विवेचनातून मिळत नाही. अमर्त्य सेन यांनी ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ (२००९) मध्ये रॉल्स यांच्या आदर्श संस्थांवरील भरावर टीका केली आहे. सेन यांचा भर पर्यायांच्या तुलनात्मक मूल्यमापनावर आहे. प्रस्तुत लेखातील आक्षेप नैतिक प्रेरणेच्या उगमाविषयी असल्याने तो वेगळा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बंधुता जोपासण्याचे काम राज्यसंस्थेकडे दिल्यास एखादी विशिष्ट जीवनदृष्टी नागरिकांवर लादली जाण्याचा धोका संभवतो. ‘पोलिटिकल लिबरॅलिझम’ (१९९३) मध्ये रॉल्स यांनी न्यायाची राजकीय संकल्पना सर्वंकष जीवनदृष्टींपासून वेगळी ठेवली, ती याच कारणास्तव. नीतीला पावित्र्य व सार्वत्रिकता यावी, ही आंबेडकरांची धम्मविषयक अपेक्षा या निकषावर सर्वंकष ठरेल. मात्र उद्देशिकेत बंधुतेचा संबंध व्यक्तीची प्रतिष्ठा आणि राष्ट्राची एकता यांच्याशी जोडला आहे. तो राजकीय अर्थ कोणत्याही एका धर्मदृष्टीवर अवलंबून नाही.

येथे आंबेडकरांच्या विचारातील अडचणही नोंदविली पाहिजे. बंधुता कशी निर्माण होईल, या प्रश्नाला त्यांनी १९३६ मध्ये आंतरजातीय विवाहाचे, १९४० च्या दशकाच्या अखेरीस संविधानिक नीतिमत्तेचे आणि १९५६ मध्ये धम्माचे उत्तर दिले. या तीन उत्तरांची एकसंध मीमांसा त्यांच्या लेखनात पूर्णत्वास गेलेली दिसत नाही. परंतु उत्तर बदलत राहिले तरी प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही, हे महत्त्वाचे आहे.

समारोप

रॉल्स यांचा सिद्धान्त त्याज्य आहे, असा या चिकित्सेचा निष्कर्ष नाही. उपयुक्ततावादावरील त्यांची टीका आणि सर्वांत वंचितांना केंद्रस्थानी आणणारे त्यांचे भेदतत्त्व यांचे मोल अबाधित आहे. परंतु बंधुतेला भेदतत्त्वात सामावून घेतल्याने तिचा नैतिक आशय संकोचतो. लाभांचे न्याय्य वाटप होऊनही एकमेकांच्या पाण्याला न शिवणारे नागरिक कल्पिता येतात. अशा समाजात न्यायतत्त्वे कागदावर टिकतील, व्यवहारात टिकणार नाहीत. गटनीतीची सीमा ओलांडणारी बंधुता ही न्यायसिद्धान्ताच्या आरंभीच असावी लागते, हे आंबेडकरांच्या विचाराचे योगदान होय. अध्यापनाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, रॉल्स एका अभ्यासपत्रिकेत आणि आंबेडकर दुसऱ्या, अशी विभागणी पुरेशी नाही. दोघांचा प्रश्न एकच आहे आणि तो एकत्रच शिकविला गेला पाहिजे.