वारशाचे घर आणि गुन्ह्याचा काळ

दूरचित्रवाणीवरील गुन्हेमालिकेचे उत्तम भाग कोणते, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. कादंबरी ही एकसंध रचना असते. तिच्यातील एखादे प्रकरण कितीही सरस असले तरी त्याचे मोल अखेर सबंध कादंबरीच्या संदर्भातच ठरते. कथासंग्रहातील कथेचे तसे नसते. ती स्वतःपुरती पूर्ण असते. मालिकेचा भाग या दोहोंच्या मध्ये, काहीशा अडचणीच्या जागी उभा असतो. तो कालच्या भागाचा ऋणकरी असतो आणि उद्याच्या भागासाठी काहीतरी राखून ठेवणे त्याला भाग असते. त्यामुळे लोकप्रियतेच्या किंवा विक्रमाच्या आधाराने एखाद्या भागास उत्तम म्हणणे म्हणजे त्याची समीक्षा टाळणे होय. भाग म्हणजे काय हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरविताना काळाचा प्रश्न अपरिहार्यपणे पुढे येतो.

त्स्वेतान तोदोरोव्ह याने १९६६ मधील आपल्या निबंधात असे दाखवून दिले की, रहस्यकथेत एक नव्हे, दोन कथा असतात. एक गुन्ह्याची व दुसरी तपासाची. पहिली घडून गेलेली, म्हणून अदृश्य. दुसरी डोळ्यांपुढे घडणारी, परंतु स्वतःचे असे तिच्यापाशी फारसे काही नसलेली. तपासाच्या कथेने गुन्ह्याची कथा हळूहळू उघडी करावयाची, एवढेच तिचे कार्य. बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर पोसलेल्या मराठी वाचकास ही मांडणी नवी वाटणार नाही. तिला नाव मात्र तोदोरोव्हने दिले. ही दोन कथांची कल्पना हाताशी धरली म्हणजे गुन्हेमालिकेच्या भागाकडे पाहण्याची एक कसोटी मिळते : या भागाने दोन्ही कथांना किती काळ दिला, आणि तो कोठून आणला?

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे १९८० च्या दशकात त्याच केंद्रावरून ‘एक शून्य शून्य’ ही मराठी पोलिसमालिका प्रक्षेपित झाली. पोलिस नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक हेच तिचे नाव. दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि नट शिवाजी साटम यांचा संबंध या मालिकेपासूनचा. हीच जोडी २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर ‘सी. आय. डी.’ घेऊन आली. ही मालिका हिंदी खरी. तथापि तिची मुळे मुंबईच्या मराठी पडद्यात आहेत आणि तिचा मुख्य नट मराठी रंगभूमीवर घडलेला आहे, हे विसरून तिचा विचार करता येणार नाही. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी ती थांबली तेव्हा तिचे दीड हजारांहून अधिक भाग झाले होते; डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

एवढ्या राशीतून निवड करावयाची तर आरंभीच्या काळाकडे वळावे लागते. त्या वर्षांत एक प्रकरण सामान्यतः दोन भागांत सांगितले जाई. (प्रकरणांची शीर्षकेही पेरी मेसनच्या कादंबऱ्यांच्या धर्तीवर ‘अमक्याचे प्रकरण’ अशा वळणाची असत, हे अनुकरण निरुपद्रवी आणि थोडे लोभसही वाटते.) दोन भागांमध्ये एक आठवडा जाई. हा आठवडा कथेच्या बाहेरचा असूनही कथेचाच घटक होता, कारण त्या अवधीत तपास प्रेक्षकाच्या मनात चालू राही. संशयितांची उलटतपासणी घराघरांत, कचेरीत, लोकलच्या डब्यात होत असे. पुढे एकेक प्रकरण एकाच बैठकीत संपू लागले, आणि मोकळा काळ नाहीसा झाल्याबरोबर त्याची जागा विधींनी घेतली. निरीक्षक दयाने दार तोडावयाचे, प्रयोगशाळेत डॉक्टर साळुंखे यांनी एखाद्या कणावरून निर्णय द्यावयाचा, प्रद्युम्न यांनी बोटे फिरवीत शंका व्यक्त करावयाची, आणि अखेर गुन्हेगाराने कबुली द्यावयाची. विधी आनंददायक असतो यात शंका नाही; मुलांना तोच भाग पुन्हा पाहावासा वाटतो तो विधीसाठीच. परंतु कबुलीने तपासाची कथा संपविली की अनुमानाला वाव उरत नाही. या मालिकेतील असंख्य भाग दुबळे ठरतात ते पुराव्याच्या ढिलाईमुळे नव्हे, गुन्हेगाराच्या तत्पर कबुलीमुळे.

या पार्श्वभूमीवर ७ नोव्हेंबर २००४ रोजी प्रक्षेपित झालेला ‘द इनहेरिटन्स’, म्हणजे ‘वारसा’, हा भाग पाहावयास हवा. लोणावळा येथे चित्रित झालेला हा भाग १११ मिनिटांचा असून त्यात एकही तोड नाही. छायालेखकाने चित्रण एकदा सुरू केले ते शेवटीच थांबविले. त्याची नोंद गिनेस विक्रमग्रंथात झाली, आणि दुर्दैवाने त्याच्याविषयीचे बोलणेही बहुधा तेथेच थांबले. विक्रम हा श्रमाचा पुरावा असतो, गुणाचा नव्हे. हिचकॉकने ‘रोप’ (१९४८) मध्ये अखंडतेचा आभास साधला तो नाइलाजाने तुकडे सांधून, कारण त्याच्या यंत्रात एका वेळी सुमारे दहा मिनिटांचीच फीत मावत असे. अलेक्झांडर सोकुरोव्हच्या ‘रशियन आर्क’ (२००२) मध्ये मुद्रणाच्या नव्या साधनांमुळे ती अडचण राहिली नाही आणि दीड तासाचा चित्रपट एका दमात टिपला गेला. सोकुरोव्हची वस्तू मात्र इतिहासातील स्वप्नवत् संचाराची आहे. तेथे काही लपवावयाचे नसते. रहस्यकथेचे सारे बळ लपविण्यात. लपविण्याचे चित्रपटीय साधन म्हणजे तोड. दोन दृश्यांमधल्या फटीत खुनी माणूस जिना उतरतो, सुरी पुसतो, पत्र जाळतो. ही फटच काढून घेतली तर रहस्यकथेने काय करावे?

या प्रश्नाला ‘वारसा’ या भागाने दिलेले उत्तर हेच त्याचे खरे यश आहे. जे काळाच्या फटीत लपत होते ते येथे जागेच्या आडोशाला जाते. चौकटीबाहेरची खोली, पाठीमागे राहिलेले दार, छायालेखकाने ज्याच्याकडे पाठ फिरविली ते माणूस, हीच आता संशयाची ठिकाणे होतात. मराठी नाटकाच्या प्रेक्षकास हा अनुभव ओळखीचा आहे. विंगेत गेलेले पात्र तेथे काय करीत असेल याची उत्सुकता रंगभूमीने नेहमीच वापरली. येथे फरक एवढाच की विंग स्थिर नसून छायालेखकाबरोबर हिंडते. घड्याळ सर्वांना एकच. पोलिस जितकी मिनिटे विचार करतात तितकीच मिनिटे गुन्हेगारालाही मिळतात. प्रेताचा नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पाठवून पुढच्या क्षणी उत्तर आणण्याची सोय अशा रचनेत उरत नाही, आणि तपासणाऱ्याला केवळ डोळे, कान व प्रश्न एवढ्यांवर निर्वाह करावा लागतो. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलावयाचे तर गुन्ह्याची व तपासाची अशा दोन कथांमध्ये एरवी विरोधलय असते; येथे त्यांना एकाच कालमापात बांधून समतोल साधण्याचा प्रयत्न आहे.

प्रयत्न सर्वत्र सफल झाला आहे असे नाही. अखंड चित्रणात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणे वगळता येत नाही. हे चालणे जेथे भीतीने भरलेले आहे तेथे भाग तापतो, पण जेथे पात्रे केवळ पुढच्या जागी पोचण्यासाठी चालतात तेथे तो सैल पडतो, आणि असे सैल क्षण थोडे नाहीत. एकदाही न अडखळता संवाद म्हणण्याची जबाबदारी नटांच्या चेहऱ्यावर कधी कधी कथेतील भीतीपेक्षाही अधिक स्पष्ट दिसते. हे उणेपण मान्य करूनही म्हणावे लागते की, मालिकेच्या एरवीच्या विधीपासून हा भाग जितका दूर गेला तितका दुसरा क्वचितच गेला असेल.

विषयही ध्यानात घेण्याजोगा आहे. एक घर, एक मालमत्ता, आणि तिच्यावर डोळा ठेवून एकत्र आलेले कुटुंब. इंग्रजी रहस्यकथेत ही कल्पना झिजून गुळगुळीत झालेली आहे. कोकणात मात्र ती झिजलेली नाही. तेथे ती सातबाराच्या उताऱ्यावर लिहिलेली असते. पंधरा-वीस हिस्सेदारांची नावे असलेली बाग, मुंबईस राहणारे चाकरमानी, गणपतीला उघडणारी व एरवी बंद असणारी माजघरे, १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यानंतर उतरती कळा लागलेली घराणी : गुन्हेकथेला लागणारी सारी सामग्री येथे जमीनमहसुलाच्या दप्तरातच तयार असते. म्हणून ‘वारसा’ या भागाची तुलना लोणावळ्याहून दक्षिणेस, आकेरी येथील एका वाड्याशी करणे उचित ठरेल.

‘रात्रीस खेळ चाले’ ही झी मराठी वाहिनीवरील मालिका २२ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरू झाली. दिग्दर्शक राजू सावंत. लेखनात प्रल्हाद कुडतरकर यांचा मोठा वाटा, आणि पांडूची भूमिकाही त्यांचीच. चित्रण आकेरी येथे झाले. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत होता, आणि मालिकेतील घरभाषा, मानपान, भाऊबंदकी रत्नागिरीच्या प्रेक्षकास परकी वाटली नाही ती त्यामुळेच. आरंभीच कोकणाची बदनामी व अंधश्रद्धेचा प्रसार होत असल्याच्या तक्रारी झाल्या. त्या तक्रारींत तथ्य किती हा स्वतंत्र प्रश्न. त्यांनी समीक्षेचा मुद्दा मात्र नेमका दाखविला.

पहिल्या पर्वाचे उत्तम भाग आरंभीचे. अण्णा नाईक मरतात. मुंबईचा मुलगा माधव व त्याची पत्नी नीलिमा गावी येतात. गावीच राहिलेला दत्ता व सरिता यांच्या बोलण्यात आदरातिथ्य आणि हिशेब यांची सरमिसळ होते. खून, शाप किंवा भूत यांपैकी काहीही निश्चित नसताना ओसरीवरच्या मालवणी संभाषणातून जो ताण उत्पन्न होतो तो अस्सल आहे. पांडूचे अर्धवट, विसरलेले वाक्य हे तेथे पुराव्याइतके मोलाचे होते. नैसर्गिक व अलौकिक अशा दोन स्पष्टीकरणांमध्ये प्रेक्षकाला झुलत ठेवणे, हे तोदोरोव्हनेच १९७० मध्ये अद्भुताचे लक्षण म्हणून सांगितले होते. रहस्यकथेला असे झुलणे मर्यादेपर्यंतच परवडते. रोनल्ड नॉक्स याने १९२९ मध्ये रहस्यकथाकारासाठी जे नियम घातले त्यांत अलौकिक शक्तींना सरळ बंदी आहे. दैनंदिन मालिकेला मात्र निर्णय नको असतो. तिला उद्याचा भाग हवा असतो. तेव्हा आठवड्यातून अनेक रात्री, आठ महिने, प्रत्येक कर्कश आवाजाचे मूळ पुढच्या रात्रीवर ढकलले गेले. ‘सी. आय. डी.’च्या जुन्या दोन भागांमधला आठवडा प्रेक्षकाला विचारासाठी मिळाला होता; येथल्या चोवीस तासांत विचार करण्याजोगे काही हाती दिलेलेच नसे. २२ ऑक्टोबर २०१६ रोजी पर्व संपले तोवर तपासाची कथा रहस्याच्या ओझ्याखाली केव्हाच वाकली होती.

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेले दुसरे पर्व हे या मालिकेचे खरे बलस्थान. ते पूर्वकथा सांगते. अण्णांचा शेवट प्रेक्षकाला आधीच ठाऊक आहे, म्हणून ‘कोणी केले’ हा प्रश्नच उरत नाही. उरतो तो ‘कसे होत गेले’ हा. ऑस्टिन फ्रीमन याने १९१२ मध्ये ‘द सिंगिंग बोन’ या संग्रहात गुन्हा आधी दाखवून तपास नंतर मांडण्याची उलटी पद्धत रूढ केली. येथे तीही आणखी एक पाऊल पुढे गेली आहे; तपास जवळजवळ नाहीसाच होऊन गुन्ह्याची कथा एकटी उभी राहते. माधव अभ्यंकर यांनी उभे केलेले अण्णा हे क्रूर, लंपट, गावावर दरारा ठेवणारे, आणि स्वतःच्याच माजघरात भयभीत असलेले गृहस्थ आहेत. अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता, म्हणजे कुमुदिनी पाटणकर, त्यांच्या आयुष्यात येते तेव्हा दोघांच्या बोलण्यात प्रीती किती आणि व्यवहार किती हे सांगणे कठीण होते. हे भाग सरस ठरतात ते यामुळे की, मृतांचे दिसणे येथे अण्णांच्या अपराधी मनाच्या अंगाने वाचता येते. भूत आहे की नाही हे न ठरवताही प्रसंग पूर्ण होतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने चित्रण थांबले. पुन्हा सुरू झाल्यावर ऑगस्टअखेर पर्व आटोपते घ्यावे लागले, आणि दीड वर्षे सावकाश साचविलेली लय शेवटच्या आठवड्यांत विस्कटली.

तिसऱ्या पर्वात (२०२१–२२) अण्णा व शेवंता मृतात्मे म्हणूनच वावरतात. प्रेक्षकांना ती जोडी पुन्हा हवी होती, हे त्याचे व्यावहारिक कारण असेल. त्याने रचनेचे जे नुकसान केले ते मात्र गंभीर आहे. भूत निश्चित झाल्याबरोबर जिवंत माणसे दोषमुक्त होतात. ज्या घरात जमिनीपायी माणसे एकमेकांना फसवितात, अनौरस मुलीचा हक्क नाकारतात, बायकांना गप्प बसवितात, त्या घरातील अपराध एका प्रेताच्या खाती टाकला की हिस्सेदारांपैकी कोणालाही जाब द्यावा लागत नाही. दुसऱ्या पर्वातील अण्णा स्वतःच्या कृत्याने पछाडलेले होते. तिसऱ्या पर्वातील वाडा केवळ अण्णांनी पछाडलेला आहे. लोणावळ्याच्या बंगल्यातील १११ मिनिटांत कितीही सैल क्षण असले तरी तेथे खुनी हा घरात हिंडणाऱ्या माणसांपैकीच एक असतो, आणि छायालेखकाची पाठ त्याच्याकडे असली तरी तो त्या भिंतींच्या आतच कोठेतरी उभा असतो.