निर्ग्रंथाचा ग्रंथ : उपकरण, वस्त्र आणि संहिता

'ग्रंथ' आणि 'निर्ग्रंथ' हे दोन शब्द एकाच धातूतून आलेले आहेत. ग्रथ् म्हणजे गुंफणे, बांधणे. ताडपत्रांना भोक पाडून दोरीने बांधलेला संच तो ग्रंथ. आणि घरदार, धनधान्य, वस्त्र या साऱ्यांची बांधणी ज्याने उकलली तो निर्ग्रंथ. जैन परिभाषेत 'ग्रंथ' हा शब्द परिग्रहाचाही वाचक आहे. दिगंबर मुनी या अर्थाने निर्ग्रंथ होय. तरीही त्याच्यापाशी असू शकणाऱ्या मोजक्या वस्तूंत एक ग्रंथ आहे. गाठी सोडलेल्या माणसाच्या हाती गाठ मारलेली वस्तू का राहते, हा प्रश्न वरवर आचारशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो संहितेच्या स्वरूपाचा प्रश्न आहे. वऱ्हाडातील कारंजा आणि अमरावती येथील ग्रंथव्यवहाराच्या आधारे तो मांडणे शक्य आहे.

वट्टकेराच्या 'मूलाचारा'त मुनीचे अठ्ठावीस मूलगुण सांगितले आहेत. त्यांपैकी आचेलक्य म्हणजे वस्त्र, चर्म, वल्कल वा पाने यांनी शरीर न झाकणे. त्याच यादीतील आदाननिक्षेपण समिती वस्तू उचलण्या-ठेवण्यातील दक्षता सांगते. म्हणजे ज्या यादीने वस्त्र काढून घेतले, तिनेच काही वस्तू हाती असणार हे गृहीत धरले आहे. त्या वस्तूंचे तीन वर्ग आहेत : ज्ञानासाठी शास्त्र, संयमासाठी मोरपिसांची पिच्छी, आणि शौचासाठी कमंडलू. ग्रंथ उचलताना तो पिच्छीने हलकेच पुसावयाचा असतो, कारण त्याच्या पानांत एखादा जीव आश्रयाला असू शकतो. येथे ग्रंथ हा प्रथम अर्थाचा वाहक नाही. तो एक वस्तू आहे, जिच्यावर जीव राहतात आणि जिला स्पर्श करण्याची एक नीती आहे.

नग्नतेची साधने ही कल्पना अन्यत्रही आढळते. १८९१ मध्ये ठाण्यात चार्ल्स क्रॉफर्ड या इंग्रज न्यायाधीशाने 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' नावाची तीन सभासदांची मंडळी काढली होती. एडवर्ड कार्पेंटर याला त्याने लिहिलेल्या पत्रांतून या मंडळीचे नियम कळतात : अंगावर काही असू नये, मात्र चष्मा आणि कवळी चालेल. पुढे युरोपात नग्नवादाची चळवळ वाढली, तिची पुस्तके निघाली, आणि बसण्यापूर्वी आसनावर टॉवेल अंथरावा हा तिच्यातील सर्वमान्य शिष्टाचार झाला. चष्मा आणि कवळी शरीराची उणीव भरून काढतात. टॉवेल आसनाला शरीरापासून, आणि म्हणून पुढे बसणाऱ्याला, जपतो. पिच्छीनेही बसण्यापूर्वी जागा झाडली जाते. पण तेथे जपावयाचा असतो तो जागेवरचा, दिसेल न दिसेल असा जीव. उघडे शरीर दोन्हीकडे आहे. साधन कोणासाठी, याचे उत्तर मात्र निराळे आहे. म्हणून दिगंबर परंपरेतील नग्नतेला 'निसर्गाकडे परतणे' म्हणता येत नाही. ती एक नियमबद्ध, साधनयुक्त आणि ग्रंथयुक्त अवस्था आहे.

कुंदकुंदाच्या 'प्रवचनसारा'त हा विचार आणखी एक पाऊल पुढे जातो. जिनमार्गातील उपकरणे सांगताना तेथे यथाजात रूप, म्हणजे जन्मतःचे उघडे शरीर, हेच पहिले उपकरण गणले आहे. त्यापाठोपाठ गुरुवचन, विनय आणि सूत्राध्ययन येतात. शरीराची नग्नता आणि सूत्राचे वाचन येथे एका पंक्तीत बसतात. आत्मस्वरूपाच्या दृष्टीने दोन्ही बाहेरची. दोन्ही वापरावयाची, आणि अखेर दोन्ही सोडावयाची. साहित्यविचारात संहितेला स्वयंपूर्ण मानण्याची जी सवय आहे, तिला येथे एक जुना आणि समर्थ पर्याय मिळतो : संहिता म्हणजे उपकरण.

परंतु उपकरण आणि परिग्रह यांच्यामधील सीमारेषा स्थिर नाही. तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून न करता मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून, केली आहे. तसे असेल तर आसक्तीविना धारण केलेले वस्त्रही उपकरण का होऊ नये? नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी यापनीय आचार्य शाकटायन याने 'स्त्रीनिर्वाणप्रकरणा'त नेमके हेच विचारले. पिच्छी जर संयमाचे साधन म्हणून परिग्रहातून सुटते, तर साध्वीचे वस्त्रही तिच्या संयमाचेच साधन आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद दिगंबर पक्षाने मान्य केला नाही. मात्र त्याला उत्तर देताना उपकरणाची व्याख्या वस्तूच्या गुणांवरून करावयाची की धारण करणाऱ्याच्या शरीरावरून, हा पेच टाळता आला नाही. दिगंबर आर्यिकेपाशी शास्त्र आहे, पिच्छी आहे, कमंडलू आहे. कुंदकुंदाच्या यादीतील गुरुवचन, विनय आणि सूत्राध्ययनही तिला आहे. नाही ते फक्त पहिले उपकरण. आणि ते घेण्याची मुभाही तिला नाही.

ही चर्चा वऱ्हाडात ज्या पोथ्यांच्या आधारे पुन्हा उभी राहिली, त्यांचा सांभाळ कोणी केला हे पाहणे येथे आवश्यक आहे. कारंजा हे गाव १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते; वाशीम जिल्हा वेगळा झाल्यावर ते त्यात गेले. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची मंदिरे व भट्टारकपीठे या एका गावात होती. विद्याधर जोहरापूरकर यांच्या 'भट्टारक संप्रदाय' (१९५८) या ग्रंथात या परंपरांचा लेखाधारित इतिहास आला आहे. भट्टारक हे वस्त्रधारी. अनेक पीठांत दीक्षेच्या वेळी ते क्षणभर नग्न होत आणि मग वस्त्र स्वीकारीत. पिच्छी व कमंडलू मात्र त्यांच्याकडे राहत. पोथ्या लिहविणे, जमविणे व जपणे हे काम मोठ्या प्रमाणावर त्यांच्या आश्रयाने चालले. मुनीने एका गावी स्थिर राहू नये आणि संग्रह करू नये, या नियमाचा अर्थच असा की त्याचे ग्रंथ दुसऱ्या कोणी सांभाळावेत. भांडारातील प्रत्येक पोथी कापडी वेष्टनात बांधलेली असते. मुनीने टाकलेले वस्त्र त्याच्या ग्रंथाने पांघरले, असे म्हणणे ही केवळ शब्दांची कसरत नाही; वस्त्रधाऱ्यांच्या व्यवस्थेवाचून निर्वस्त्रतेचे शास्त्र टिकले नसते, ही ऐतिहासिक वस्तुस्थिती त्यात आहे.

या वेष्टनांची गाठ विद्वज्जगतासाठी विसाव्या शतकात सुटली. मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची रायबहादूर हिरालाल यांची सूची १९२६ मध्ये नागपुरास प्रसिद्ध झाली आणि कारंजातील अपभ्रंश ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. त्यानंतर कारंजाच्या ग्रंथमालांत 'जसहरचरिउ' (१९३१) प. ल. वैद्यांनी, तर 'सावयधम्मदोहा' (१९३२), 'पाहुडदोहा' (१९३३), 'णायकुमारचरिउ' (१९३३) आणि 'करकंडचरिउ' (१९३४) हे ग्रंथ हिरालाल जैन यांनी संपादिले. हिरालाल जैन त्या वेळी अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. यांपैकी रामसिंहाचा 'पाहुडदोहा' प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. बाह्य लिंग, मुंडन आणि पुष्कळ वाचन यांच्या वैयर्थ्यावर त्याचा सारा रोख आहे. ग्रंथाच्या निरुपयोगाचे प्रतिपादन करणारा ग्रंथ शतकानुशतके ग्रंथभांडारात जपला गेला, यात वरवर विसंगती दिसते. संहितेला उपकरण मानले की ती उरत नाही : आपली मर्यादा सांगणे हे उपकरणाच्या कार्यातच येते.

मुख्य प्रसंग त्यानंतरचा. पुष्पदंत व भूतबली यांचा 'षट्खंडागम' आणि त्यावरील वीरसेनाची 'धवला' टीका यांच्या ताडपत्रप्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथे होत्या. दीर्घकाळ त्यांचे दर्शन घडे, वाचन घडत नसे. तेथून निघालेल्या नकलांवरून, अमरावती, कारंजा व आरा येथील प्रती ताडून, हिरालाल जैन यांनी या ग्रंथाचा पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीच्या जैन साहित्योद्धारक फंडातर्फे प्रसिद्ध केला. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील आ. ने. उपाध्ये यांचे त्यात सहकार्य होते. पुढे सोळा भागांत हे कार्य पूर्ण झाले. गृहस्थाला सिद्धांतग्रंथाच्या अध्ययनाचा अधिकार नाही, असे मानणारा पक्ष त्या काळी प्रबळ होता. त्यामुळे ज्ञानोपकरण हे मुनीच्या हातातून महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या टेबलावर आले, एवढाच या प्रकाशनाचा अर्थ नव्हे. पूजेच्या वस्तूला पाठभेद असू शकतात, हे त्याने प्रथमच उघड केले.

तसा पाठभेद पहिल्याच भागात निघाला. सत्प्ररूपणेतील ९३ वे सूत्र 'मणुसिणी'च्या, म्हणजे मनुष्य-स्त्रीच्या, गुणस्थानांविषयी आहे. हाताशी असलेल्या प्रतींत तेथे 'संजद' हा शब्द नव्हता. संजद म्हणजे संयत, पूर्ण संयमाची, मुनिपदाची अवस्था. मात्र वीरसेनाची टीका याच सूत्रावर एक शंका उपस्थित करते : या आर्षवचनावरून स्त्रीदेहालाही निर्वाण सिद्ध होईल काय? टीकाकाराचे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण एकच : स्त्रिया सवस्त्र असतात, म्हणून त्यांना पूर्ण संयम संभवत नाही. सूत्रात 'संजद' नसेल तर ही शंका उद्भवण्याचेच कारण नाही. संपादकांनी तळटीपेत येथे हा शब्द सुटला असावा असे नोंदविले. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्राशी पाठ ताडला असता तो शब्द तेथे मिळाला.

यातून जो वाद पेटला तो चाळीसच्या दशकात दिगंबर समाजाला ढवळून गेला. आचार्य शांतिसागर यांच्या प्रेरणेने सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरण्याचे काम हाती घेतले गेले होते. तेथे हा शब्द कोरावा की कोरू नये, हाही वादाचा विषय झाला. परंपरेचे समर्थन असे की सूत्रातील 'मणुसिणी' ही द्रव्यस्त्री नसून भावस्त्री आहे, म्हणजे देहाने पुरुष पण भावाने स्त्रीवेदी असा जीव आहे. हिरालाल जैन यांनी या समर्थनावर प्रश्न उभे केले. पद्मनाभ जैनी यांच्या १९९१ च्या ग्रंथात स्त्रीमुक्तिविषयक मूळ वादग्रंथांचे भाषांतर व विवेचन आहे, आणि त्यातून या वादाची लांबी लक्षात येते.

समीक्षेच्या दृष्टीने येथे दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. एक, टीकेतच सूत्राचा हरवलेला शब्द शिल्लक होता. ज्या टीकेने स्त्रीला नकार दिला, तिच्याच नकारामुळे सूत्राने तिला दिलेली जागा सिद्ध झाली. निषेध करण्यासाठीसुद्धा निषिद्धाचे अस्तित्व मान्य करावे लागते. दोन, हा नकार ज्ञानावर, विनयावर किंवा आचरणावर आधारलेला नाही. तो वस्त्रावर आधारलेला आहे. नग्नता हे एक उपकरण आहे, असे म्हणणाऱ्या परंपरेत तीच उपकरणाच्या पातळीवरून उठून अधिकाराची एकमेव कसोटी होते. साधनाचे साध्य झाले की मूर्च्छा निर्माण होते. आणि मूर्च्छा हाच तर परिग्रह होता. नग्नतेचाही परिग्रह होऊ शकतो, हा निष्कर्ष बाहेरून लादलेला नसून परंपरेच्या स्वतःच्या परिभाषेतूनच निघतो.

वस्त्राची एक रेघ केवढा भार वाहू शकते, याचे दुसरे उदाहरण जुन्या अकोला जिल्ह्यातील शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिराचे. मूर्तीवर दिल्या जाणाऱ्या लेपात कटिसूत्र आणि कच्छोटा दाखवावा की नाही, यावरून श्वेतांबर व दिगंबर पक्ष १९१० मध्ये अकोल्याच्या न्यायालयात गेले. १९२९ मध्ये प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचले. दीर्घकाळ बंद राहिलेले मंदिर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२३ मध्ये उघडले. सूत्रातील एक शब्द आणि लेपातील एक रेघ हे एकाच जातीचे पाठभेद आहेत. दोन्हीकडे प्रश्न मूळ कोणते हा आहे. आणि दोन्हीकडे मूळ हे आवरणांतूनच हाती लागते. 'टेक्स्ट' या शब्दाच्या मुळाशी विणकाम आहे, याकडे रोलाँ बार्थने लक्ष वेधले होते. त्या अर्थाने नग्न संहिता ही वदतोव्याघाती कल्पना ठरते. निर्ग्रंथ परंपरेला हे ठाऊक नव्हते असे नाही. म्हणूनच तिने ग्रंथाला सत्य न म्हणता उपकरण म्हटले.

वऱ्हाडच्या वाङ्मयेतिहासात ऋद्धिपूरच्या महानुभाव गद्याला जे स्थान मिळाले, ते कारंजाच्या भांडारांना मिळाले नाही. पोथी कोणत्या भाषेत आहे, एवढ्यावरच तिचे आपलेपण ठरविल्याचा हा परिणाम आहे. ती कोणाच्या हाती होती, कोणी ती गुंडाळून ठेवली, कोणी उघडली, आणि तिच्यातील कोणता शब्द कोणाला नकोसा झाला, हे प्रश्नही वाङ्मयेतिहासाचेच आहेत. अमरावतीच्या १९३९ च्या आवृत्तीतील ती तळटीप या दृष्टीने मराठी प्रदेशातील पाठचिकित्सेचा एक निर्णायक क्षण मानावी लागेल. मजकुरात शब्द घुसडण्याचा अधिकार संपादकांनी घेतला नाही, आणि तो नसल्याचे लपविलेही नाही. पिच्छीने पान पुसून ते पुन्हा जागच्या जागी ठेवावे, तशी ही दक्षता आहे. आणि संपादनाच्या क्षेत्रातील आदाननिक्षेपण समिती तरी याहून वेगळी काय असणार?