अजब बंगला : एक वाचन

नागपुरात वाढलेल्या माणसाला ‘मध्यवर्ती संग्रहालय कुठे आहे?’ असे विचारा. तो क्षणभर घुटमळेल. ‘अजब बंगला’ म्हणा, की त्याचा हात आपोआप सिव्हिल लाइन्सकडे वळेल. १८६३ साली सर रिचर्ड टेंपल यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या या संस्थेला लोकांनी दिलेले हे नाव मला मार्मिक वाटते. त्यात कौतुक आहे आणि थोडी टीकाही आहे. अजब वस्तू पाहून आपण तोंडात बोट घालतो. पण तोंडात बोट असले म्हणजे प्रश्न विचारता येत नाही!

गेल्या हिवाळ्यात वर्गातली मुले घेऊन मी तिथल्या प्राणिदालनात गेलो. प्रत्येकाच्या हाती वही. नावे उतरवून घ्यायची, अशी माझी आज्ञा. भुसा भरलेल्या एका पक्ष्यापुढे एक मुलगा थबकला. ‘‘गुरुजी, हे पाखरू मेलं कसं?’’ मी म्हणालो, ‘‘नाव लिही आणि पुढे चल.’’ त्याने लिहिले. रात्री मात्र तो प्रश्न मला टोचत राहिला.

कादंबरीकाराच्या दृष्टीने पाहिले, तर काचेच्या कपाटातील प्राणी म्हणजे कथानकातून उचलून आणलेले पात्र. चेहरामोहरा ठसठशीत, पण त्याला गाव नाही, शेजार नाही, ऋतू नाही. या मांडणीतला हा मोठाच दोष होय. तरी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जिवंत पाखरू क्षणभर स्थिर राहत नाही. इथे चोचीचे वळण, नखांचा बाक डोळे भरून पाहता येतो. चोचीवरून अन्न ओळखावे, पायांवरून राहणी. म्हणजे कथा तिथे असते, वाचणारा हवा.

असा एक वाचक नागपूरला लाभला होता. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली इथे आला. ज्याच्या नावाचे कॉलेज आपण रोज पाहतो, तोच हा. सीताबर्डीच्या टेकडीत लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये गाळाचा एक पातळ थर त्याने पाहिला. जवळच्या टाकळीला तशाच गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख दगड होऊन पडले होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दोन अग्निप्रलयांच्या मधल्या शांततेत, इथे तळी होती! टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडाला. संग्रहालयाचे स्थापनावर्षही तेच.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या मुलाला म्हणालो, ‘‘तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही.’’ वर्ग चकित झाला. गुरुजींना येत नाही! मग पुढच्या रविवारी सगळ्यांना सीताबर्डीच्या पायथ्याशी नेले. किल्ला लष्कराकडे असल्याने एरवी वर जाता येत नाही. पण काळा खडक खालूनही दिसतो. तळ्याची हकीकत सांगितली. तोच मुलगा म्हणाला, ‘‘मग तळ्यावर पाखरं येत असतील?’’

या वेळी मी त्याला पुढे चल म्हणालो नाही. त्याच्याजवळ दगडावर बसलो.

वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत मुलांना अजब बंगल्यात अवश्य न्या. मात्र वही घरी ठेवा.