उलाढाल आणि तरलता

ज्या रोख्याची उलाढाल मोठी तो रोखा तरल, हा समज शेअरबाजारात रूढ आहे. वस्तुतः उलाढाल ही झालेल्या सौद्यांची बेरीज होय. तरलता म्हणजे यापुढील सौदा, भावास फारसा धक्का न लागता, तत्काळ पार पडण्याची शक्यता. पहिलीवरून दुसरीचे अनुमान काढणे किती धोक्याचे आहे, हे अमेरिकेत ६ मे २०१० रोजी दिसून आले.

त्या दुपारी एका गुंतवणूक-संस्थेने निर्देशांकाचे ७५,००० वायदे, म्हणजे सुमारे ४१० कोटी डॉलरचा माल, विक्रीस काढला. विक्री करणाऱ्या संगणकास भावाचे वा वेळेचे बंधन नव्हते. मागील मिनिटातील उलाढालीच्या ९ टक्के विकीत जावे, एवढाच नियम होता. उलाढाल वाढली की बाजार अधिक माल पेलतो, हे गृहीत त्या नियमातच दडलेले होते. प्रत्यक्षात शीघ्रगती व्यापारी तेच वायदे एकमेकांच्या गळ्यात घालीत होते. अवघ्या १४ सेकंदांत त्यांनी २७,००० हून अधिक वायद्यांचे सौदे केले. निव्वळ खरेदी मात्र सुमारे २०० वायद्यांचीच झाली. या फुगलेल्या आकड्यानुसार संगणक विकीत राहिला. खरेदीसाठी उभ्या असलेल्या मागण्या तर सकाळच्या एक टक्क्याहूनही कमी उरल्या होत्या. काही शेअर एका सेंटला विकले गेले.

नियामकांच्या सप्टेंबर २०१० च्या अहवालाने मोठी उलाढाल हे तरलतेचे विश्वसनीय लक्षण नव्हे, असे नमूद केले, ते यथार्थच आहे. तथापि अभ्यासकांची मापेही या दोषापासून सर्वस्वी मुक्त नाहीत. अमिहुद यांनी २००२ मध्ये मांडलेले माप दिवसाच्या भावबदलास त्या दिवसाच्या उलाढालीने भागते. केवळ उलाढालीपेक्षा ते निश्चितच सरस आहे, कारण त्यात भावाचा विचार आहे. परंतु भाजकस्थानी उलाढालच असल्याने पोकळ सौद्यांनी रोखा अधिक तरल भासू शकतो. शिवाय त्या दिवशी डाऊ जोन्स निर्देशांक मध्यंतरी सुमारे १,००० अंशांनी कोसळून अखेरीस सुमारे ३५० अंशांच्याच घटीवर स्थिरावला. दिवसाअखेरच्या भावावर बेतलेल्या मापास मधली पडझड दिसणारच नाही.

तात्पर्य, उलाढाल ही बाजारातील वर्दळीची साक्ष आहे, ग्राहकाच्या उपस्थितीची नव्हे. समोर किती मागणी उभी आहे आणि विक्रीने भाव किती हलतो, हे पाहिल्यावाचून तरलतेचा निर्णय देणे म्हणजे अडचणीच्या वेळी विकू पाहणाऱ्या सामान्य भागधारकास खोटा भरवसा देणे होय.