निकाल पोचला, पण कुणापर्यंत?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 'बुलेटिन'मध्ये २०१२ साली झांबियातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तान्ह्या बाळांच्या एचआयव्ही चाचणीचे निकाल प्रयोगशाळेने ग्रामीण आरोग्य केंद्रांना मोबाइलच्या लघुसंदेशाने कळवले तर किती वेळ वाचतो, हे तेथील दक्षिण प्रांतातल्या दहा केंद्रांत पाहिले गेले. या कामाचे कौतुक झाले. ते रास्तच आहे, पण त्यातले आकडे जरा सावकाश वाचायला हवेत.

आधी घाई कशाची ते पाहू. बाधित आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत टिकू शकतात. त्यामुळे प्रतिपिंडांची नेहमीची चाचणी येथे निर्णायक ठरत नाही. विषाणूचे जनुकीय द्रव्यच पीसीआर तंत्राने शोधावे लागते. ती सोय मोजक्या शहरी प्रयोगशाळांत असते. म्हणून बाळाच्या रक्ताचे थेंब गाळणकागदावर वाळवून तिकडे पाठवतात. आणि उपचाराविना, आफ्रिकेतील बाधित बाळांपैकी सुमारे निम्मी दुसऱ्या वाढदिवसाआधीच दगावतात, असे आढळले होते.

केंद्राला निकाल कळायला पूर्वी सरासरी ४४.२ दिवस लागत, ते २६.७ झाले. संदेश तर काही सेकंदांत जातो. मग हे २६ दिवस कुठले? रक्ताचा कागद काही मोबाइलने जात नाही! तो गाडीनेच जातो आणि प्रयोगशाळेत आपली पाळी येईपर्यंत थांबतो. वाचली ती फक्त परतीची खेप.

आईला (किंवा बाळ सांभाळणाऱ्याला) निकाल कळण्याचा काळ ६६.८ दिवसांवरून ३५ वर आला. आता वजाबाकी करा. वर्गातही करून घेण्याजोगी आहे. केंद्रापासून आईपर्यंतचा टप्पा २२.६ दिवसांचा होता, तो ८.३ चा झाला. संदेश केंद्रातच थांबतो, तरी प्रमाणाने पाहता अधिक आकसला तो त्याच्या पुढचा टप्पा! माझा तर्क असा : आई येते, निकाल आलेला नसतो, ती परत जाते आणि पुढची खेप कितीतरी दिवसांनी होते. निकाल वेळेत हजर असला तर हा हेलपाटा टळतो.

अर्थात सरासऱ्यांची अशी वजाबाकी काटेकोर नव्हे. ज्या आया परत आल्याच नाहीत, त्यांचा काळ मोजणार कसा? त्या या सरासरीत नाहीतच, आणि मला तर त्यांचीच बाळे अधिक महत्त्वाची वाटतात. शिवाय तुलना 'आधी' आणि 'नंतर' अशी आहे. मधल्या काळात वाहतूक किंवा प्रयोगशाळेचे काम सुधारले असेल, तर त्याचेही श्रेय मोबाइलच्या खात्यात जमा होते.

पडताळलेल्या संदेशांपैकी ०.५ टक्के कागदी अहवालाशी जुळले नाहीत, म्हणजे दोनशेत एक. तेवढ्यासाठी कागद पाठवणे बंद करू नये, असे माझे मत आहे.